पीएचचं उत्तर दरवेळी चुकतंय? स्ट्राँग ॲसिड-बेसची गणितं नेमकी कुठं फसतात

नाशकात सिडकोत माझ्या घरी संध्याकाळी अकरावी-बारावीची सात-आठ पोरं केमिस्ट्रीला येतात आणि दिवसा मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये सांडपाण्याचा पीएच (पाणी किती ॲसिड किंवा बेस आहे ते सांगणारा आकडा) बघते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ हाच आकडा डोळ्यासमोर. बारावीचा आयनिक इक्विलिब्रियाचा धडा झाला की दरवर्षी ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "ताई, पद्धत बरोबर आहे पण उत्तर जुळत नाहीये." यंदा त्यात माझा भाचापण आला. दादाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, भाचा शिकायला माझ्याकडे असतो, त्यानं पुस्तकातली रीत लावून ड्रिपच्या टाकीत किती ॲसिड टाकायचं ते काढून दिलं, दादानं तेवढं टाकलं, आणि ड्रिपरमधला पांढरा थर जसाच्या तसा. गणितात एकही पायरी चुकलेली नव्हती तरीपण फसलं, ते का ते शेवटी सांगते कारण तिथपर्यंत जायला आधीच्या गोष्टी लागतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पोरं गणित वाचतात, त्यातला मोलॅरिटीचा (एका लिटरमध्ये किती मोल) आकडा उचलतात आणि लगेच लॉग घेतात. पीएच म्हणजे एच प्लसच्या मोलॅरिटीचा मायनस लॉग, पण तो लॉग ही सगळ्यात शेवटची पायरी आहे हो. त्याच्या आधी, भांड्यात जेवढं पाणी आहे त्या सगळ्यात मिळून एच प्लसचे (ॲसिडमधून सुटणारा आयन) किंवा ओएच मायनसचे (बेसमधून सुटणारा) मोल, म्हणजे आयन मोजायचं एकक, किती आहेत आणि ते किती लिटरमध्ये आहेत, हे कागदावर यायलाच पाहिजे. बहुतेक चुका तिथंच होतात, लॉगनंतर फक्त त्या दिसायला लागतात.

(मी खाली १०^-३ असं लिहिते, ते टेन रेज टू मायनस थ्री असं वाचा.)

पहिलं तपासायचं ते हे की ॲसिड खरंच स्ट्राँग आहे का. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोआयोडिक, नायट्रिक, परक्लोरिक, आणि सल्फ्युरिकचा पहिला एच प्लस, नेहमी भेटणारी स्ट्राँग ॲसिड एवढीच. बेसमध्ये कॉस्टिक सोडा, कॉस्टिक पोटॅश, बेरियम हायड्रॉक्साइड आणि विझवलेला चुना. हे पाण्यात पडले की जवळजवळ सगळेच्या सगळे सुटे होतात, म्हणून ०.०१ मोलर एचसीएल म्हणजे ०.०१ मोलर एच प्लस असं थेट लिहिता येतं. हायड्रोफ्लोरिक काच खातं म्हणून पोरं त्याला स्ट्राँग समजतात, ते वीक आहे, म्हणजे पाण्यात थोडंच सुटं होतं. आणि स्ट्राँग म्हणजे कॉन्सन्ट्रेटेड नाही, बाटलीभर पाण्यात एचसीएलचा एक थेंब टाकला तरी ते स्ट्राँगच, फक्त पातळ केलेलं, आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडनं हात भाजला तरी ते वीकच.

आता लॉगचा बार, म्हणजे उणे आकड्यावर मारतात ती आडवी रेघ. हे मी मागच्या आठवड्यात वहीवर बोट ठेवून दाखवलं. गणित होतं ०.००२ मोलर एचसीएलचा पीएच काढा. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, तर एका मुलीनं टेबलमधून बरोबर .३०१० काढलं, पुढं ३ लिहिला, त्याच्यावर पेन्सिलनं छोटी आडवी रेघ पण मारली. पुढच्या ओळीत ती रेघ गेली, कारण "मायनस लॉग" लिहिताना तिनं मायनस-मायनस प्लस केलं आणि उत्तर ३.३०१० लिहून खाली दोन रेघा ओढून मोकळी झाली. इथं लक्षात घ्या, ती आडवी रेघ फक्त ३ वर आहे, .३०१० वर नाही. म्हणजे आकडा आहे उणे ३ अधिक ०.३०१०, म्हणजे उणे २.६९९०, म्हणून पीएच २.७०. मी पोरांना बारच्या वाटेला जाऊच नका म्हणते, ०.००२ ला आधी २ × १०^-३ करा आणि सरळ ३ वजा ०.३०१० लिहा, बारची भानगडच उरत नाही. आणि उत्तर आल्यावर दोन सेकंद थांबून बघा, ०.००२ हे ०.०१ आणि ०.००१ च्या मधलं आहे, म्हणजे पीएच २ आणि ३ च्या मधेच पाहिजे, ३.३ येऊच शकत नाही. एवढं बघायची सवय लागली की बारवाली चूक स्वतःची स्वतःलाच सापडते.

मग येतो चुना. पान खाणाऱ्यांच्या डबीतला चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर निवळी येते, लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड तपासायला तीच वापरतात. समजा १ लिटर पाण्यात ०.३७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड पूर्ण विरघळलंय. मोलर मास ७४ धरलं तर ०.००५ मोल. आता एका रेणूतून ओएच मायनस दोन सुटतात, तर ओएच मायनस ०.०१ मोलर, पीओएच (ओएच मायनसचा मायनस लॉग) २, आणि तो १४ मधून वजा केला की पीएच १२. इथं दोन वेगवेगळ्या चुका होतात आणि दोन्ही एकदम झाल्या तर गोंधळ वाढतो. एक तर दोननं गुणायचं राहतं, मग पीओएच २.३० आणि पीएच ११.७० येतो. दुसरी त्याहून वाईट, ओएच मायनसचा लॉग घेऊन तोच पीएच म्हणून लिहितात, म्हणजे चुन्याच्या निवळीचा पीएच २! निवळी हाताला चिकट-बुळबुळीत लागते हे लहानपणापासून माहीत असलेलं पोरगंसुद्धा हे लिहून जातं, कारण लॉगच्या घाईत पदार्थ डोळ्यासमोर राहतच नाही. म्हणून गणिताच्या पहिल्या ओळीत मी "बेस, ७ च्या वर" किंवा "ॲसिड, ७ च्या खाली" असं मराठीत लिहायला लावते.

सल्फ्युरिकचं जरा वेगळं आहे आणि यावरून लॅबमध्ये नवीन आलेली मुलं मीटरवर संशय घेतात. ०.०५ मोलर सल्फ्युरिक, दोन एच प्लस, म्हणून ०.१, म्हणून पीएच १.०, परीक्षेत दोन्ही एच प्लस पूर्ण सुटतात असं धरलेलं असतं तिथं हे उत्तर बरोबर. पण प्रत्यक्षात पहिला एच प्लस पूर्ण सुटतो आणि दुसरा मागे उरलेलं बायसल्फेट बराचसा धरून ठेवतं, त्याचा के-ए (एच प्लस किती सुटतो ते सांगणारा स्थिरांक) साधारण ०.०१२. तो धरून गणित केलं तर ०.०५ मधून दुसऱ्या हप्त्यात फक्त ०.००८५ च्या आसपास एच प्लस सुटतो, एकूण ०.०५८५, पीएच १.२३. जसजसं पातळ कराल तसा दुसरापण सुटत जातो, ०.००५ मोलरला पीएच २.१० येतो, दुप्पट धरून आला असता २.००. तर मीटरनं १.२ दाखवलं म्हणून इलेक्ट्रोड फेकू नका.

मिसळायची गणितं हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. ५० मिली ०.१ मोलर एचसीएल, त्यात ४० मिली ०.१ मोलर कॉस्टिक. ॲसिडचे ५ मिलिमोल, बेसचे ४ मिलिमोल, ४ ला ४ जाऊन उरला १ मिलिमोल एच प्लस. इथपर्यंत सगळे येतात. मग १ मिलिमोल म्हणजे ०.००१, लॉग, पीएच ३, झालं. नाही झालं! तो १ मिलिमोल ९० मिलीमध्ये आहे, १ लिटरमध्ये नाही. १ भागिले ९० म्हणजे ०.०१११ मोलर, पीएच १.९५. मोल आणि मोलॅरिटी यातला फरक पाठ असतो सगळ्यांना, पण तो फरक वापरायची वेळ इथं येते आणि इथंच विसरतो. दोन्ही भांडी एकात ओतली की एकूण आकारमान किती झालं ते बाजूला गोल करून लिहून ठेवा.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे पीएचची सरासरी. पीएच २ चं आणि पीएच ४ चं ॲसिड सारखं-सारखं मिसळलं, पीएच ३ आला का? नाही. ०.०१ आणि ०.०००१, बेरीज ०.०१०१, निम्मं केलं की ०.००५०५, पीएच २.३०. पीएच ४ वाल्यानं जवळजवळ पाण्याचंच काम केलं. पीएच हा घात आहे, घातांची सरासरी म्हणजे पदार्थाची सरासरी नाही. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये सोरेन्सन यांनी पीएच आणला तो एवढे लहान-लहान आकडे सुटसुटीत लिहिता यावेत म्हणून, पण मिसळताना परत मूळ आकड्यावर यावंच लागतं, बेरीज तिथंच करायची. मला तर हे सगळ्या धड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण सांडपाण्याच्या टाकीत दोन लाइनी एकत्र येतात तेव्हा हीच सरासरी डोक्यात ठेवून कोणीतरी चुन्याचा डोस ठरवतं आणि दुपारपर्यंत टाकी हाताबाहेर जाते.

आता १०^-८ मोलर एचसीएल, ज्याच्यावर दरवर्षी अर्धा तास जातो. सरळ लॉग घेतला की पीएच ८. ॲसिड टाकून पाणी बेसिक झालं? कितीही पातळ केलं तरी ॲसिडचं पाणी ७ च्या वर जाणार नाही. इथं चूक अशी की आपण पाण्यालाच मोजायचं विसरलो. शुद्ध पाणी २५ अंशाला स्वतःच १०^-७ मोलर एच प्लस आणि तेवढेच ओएच मायनस देतं, म्हणजे पाण्याच्या साधारण साडेपंचावन्न कोटी रेणूंमागे एक फुटलेला असतो. एरवी ०.०१ मोलर ॲसिडपुढं हे नगण्य, पण १०^-८ पुढं पाण्याचाच हिस्सा दसपट मोठा.

बरं, पाण्याचा हिस्सा मिळवा म्हटलं की पोरं १०^-७ आणि १०^-८ ची सरळ बेरीज करतात, १.१ × १०^-७, पीएच ६.९६. काही ठिकाणी ६.९८ दिलेलं असतं आणि मग भांडण, की कुठलं बरोबर. ६.९८ बरोबर. कारण बाहेरून एच प्लस आला की पाणी थोडं कमी फुटतं. पाण्यानं दिलेला एच प्लस वाय धरा, तेवढाच ओएच मायनस पण वाय, तर (१०^-८ + वाय) गुणिले वाय बरोबर १०^-१४. वर्गसमीकरण सोडवलं की वाय येतो ९.५ × १०^-८, एकूण एच प्लस १.०५ × १०^-७, पीएच ६.९८. हेच १०^-७ मोलर ॲसिडला केलं तर पीएच ६.७९ येतो, ७ नाही. आणि १०^-६ ला केलं तर ५.९९६, म्हणजे तिथपासून वर ही झंझट करायची गरज नाही. बेसला पण अगदी असंच, १०^-८ मोलर कॉस्टिकचा पीएच ७.०२, सहा नाही.

उलट्या टोकाला, पीएच उणे येऊ शकतो का असं विचारतात. सूत्रानं १० मोलर एचसीएलचा पीएच उणे १ येतो, ते चूक नाही, ० ते १४ ही काही भिंत नाही. फक्त एवढ्या दाट द्रावणात आयन एकमेकांना ओढतात, मोलॅरिटी आणि खरा परिणाम यात फरक पडतो, म्हणून तिथं साध्या सूत्रावर फार भरवसा ठेवू नका.

तापमान. पीएच अधिक पीओएच बरोबर १४ हे २५ अंशालाच. नाशकात जानेवारीत सकाळी लॅबमधलं पाणी १० अंशाच्या आसपास असतं, तिथं बेरीज होते १४.५३, शुद्ध पाण्याचा न्यूट्रल पीएच ७.२७. आणि ५० अंशाच्या गरम पाण्याला बेरीज १३.२६, न्यूट्रल ६.६३. म्हणून ०.०१ मोलर कॉस्टिकचा पीएच थंडीत १२.५ आणि गरम टाकीत ११.३ दिसला तर कॉस्टिक कमी झालं असं नाही, पाणी वेगळ्या प्रमाणात फुटतंय. मीटरवर तापमानाचं बटण आहे ते इलेक्ट्रोडचा उतार (एका पीएचमागं किती व्होल्टेज ते) सुधारतं, पण २५ अंशाला पीएच किती असता ते काही सांगत नाही, हे दोन वेगळे.

कॉस्टिकचं उत्तर मात्र खरंच कमी येत असेल तर डबा बघा. कॉस्टिकच्या पेलेट्स (गोळ्या) हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात, पावसाळ्यात झाकण पाच मिनिटं उघडं राहिलं तरी एकमेकांना चिकटतात. ४ ग्रॅम वजन केलं त्यात ४ ग्रॅम कॉस्टिक नसतंच. आणि डिस्टिल्ड वॉटर उघड्या बीकरमध्ये ठेवलं की त्यातपण तोच वायू मुरतो, पीएच ५.६ पर्यंत उतरतो, ७ दाखवत नाही म्हणून पाणी बदलत बसू नका.

आता दादाची टाकी. भाच्यानं काय केलं होतं, ड्रिपमधला चुन्याचा थर सुटायला टाकीचं पाणी पीएच ३ ला आणायचं ठरलं होतं, पीएच ३ म्हणजे ०.००१ मोलर, १००० लिटरला १ मोल एचसीएल, १२ मोलर कॉन्सन्ट्रेटेडमधून ८३ मिली. गणित म्हणून चोख. पण हे गणित शुद्ध पाण्याचं, आणि दादाचं पाणी विहिरीचं. मी त्याला पाण्याचा रिपोर्ट आणायला सांगितला, त्यात बायकार्बोनेट लिहिलं होतं २४४ मिलिग्रॅम प्रति लिटर. ६१ नं भागलं की ४ मिलिमोल. म्हणजे लिटरमागं आधी ४ मिलिमोल एच प्लस हे बायकार्बोनेटच खाणार, आणि पीएच ३ साठी जो १ मिलिमोल पाहिजे तो त्याच्यानंतर उरला तर उरणार. भाचा म्हणाला, "आत्या, पण पुस्तकात असं कुठं दिलंय?" मी म्हटलं, मिसळायच्या गणितात दिलंय, ५ मधून ४ गेले तेच हे, फक्त बेस तू टाकला नाहीस, तो पाण्यात आधीच होता.

रविवारी त्यानं ते करून बघितलं. प्लास्टिकच्या बादलीत विहिरीचं मोजून २० लिटर पाणी, लॅबमधून बनवून आणलेलं १ मोलर एचसीएल (पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि चष्मा-हातमोजे घालून), आणि ४, ७, ९.२ च्या बफरला (ठरलेल्या पीएचची द्रावणं) लावून घेतलेला मीटर. त्याच्या जुन्या हिशोबानं २० मिलीला पीएच ३ यायला पाहिजे होता. २० मिलीला आला ६.९. तो माझ्याकडे बघायला लागला. ४० ला ६.४, ६० ला ५.९, नुसतं रेंगाळत होतं, पाण्यात बारीक बुडबुडे धरायला लागले होते, बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड सुटत होता तो. ८० मिली झाले तसा काटा एकदम खाली, ४.४, कारण बेस संपला. आणि १०० मिलीला ३.०.

८० आणि १०० यातला फरक तेवढे २० मिली, म्हणजे त्याचं पहिलं गणित सगळंच्या सगळं त्या शेवटच्या २० मिलीत बसलेलं होतं. त्यानं ते वहीत लिहिलं, खाली टाकीसाठी ५ मोल, १२ मोलरमधून ४१७ मिली असं काढलं, आणि शेजारी कंसात विहिरीच्या रिपोर्टची तारीख घातली, कारण उन्हाळ्यात विहीर खाली गेली की बायकार्बोनेटचा आकडा बदलतो आणि मग बादली पुन्हा भरावी लागते.